एक तास, दोन रात्री

दसऱ्याचे सोने वाटून झाले की धारूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. तळाला ज्वारी-बाजरीची पोती, त्यावर अंथरुणे, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, कोपीसाठी बांबू आणि चटया, आणि सगळ्यांत वर माणसे. कोयते गोणपाटात गुंडाळून पेटीखाली सरकवलेले. शेळी कडीला बांधलेली, कोंबडी टोपलीखाली. ड्रायव्हर हॉर्न देतो, म्हातारी माणसे ओट्यावरून हात करतात आणि निम्मे गाव रिकामे होते.

अशाच एका संध्याकाळी पुतण्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘‘काका, हे बघा. नांदेड ते कोल्हापूर सव्वाचारशे किलोमीटर. विमानाला एक तास!’’

शेजारी नाना बसले होते. नात्याने चुलते लागतात. कोल्हापूरकडच्या शिरोळच्या उसाच्या फडांत त्यांनी बावीस हंगाम काढलेत, आता गुडघ्यांमुळे घरी असतात. त्यांनी तंबाखूचा हात झटकला.

‘‘एक तास? आम्हाला दोन रात्री लागायच्या. मधला दिवस झाडाखाली.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘अन् तुझं इमान धारूरवरनं निघतंय का रं?’’

पुतण्या हसला. मी मात्र त्या प्रश्नाला चिकटलो. पुढचे काही दिवस नकाशा, पट्टी, एसटीचे टप्पे आणि विमानांची वेळापत्रके घेऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते हे असे.

आधी तो एक तास येतो कुठून, ते पाहू. मोबाईलमधल्या गणिताला विमान ठाऊक नसते. त्याच्याकडे फक्त दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश असतात. नांदेडचा विमानतळ साधारण १९.१८ अंश उत्तर आणि ७७.३२ अंश पूर्व, कोल्हापूरचा उजळाईवाडीचा १६.६६ आणि ७४.२९. पृथ्वी गोल धरून त्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट काढली की सुमारे ४२५ किलोमीटर येतात. वैमानिकांच्या भाषेत सुमारे २३० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा जवळपास साठावा भाग. या अंतराला जेट विमानाच्या ताशी आठशेच्या वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. झाला एक तास. पंख्यांचे एटीआर असेल तर ते ताशी पाचशेच्या आसपास उडते, म्हणून वीसेक मिनिटे जास्त. त्या दोन गावांमध्ये थेट विमान असो वा नसो, हे गणित कधी ‘माहीत नाही’ म्हणत नाही. पुतण्याने गंमत म्हणून इतरही जोड्या टाकून पाहिल्या. प्रत्येकीचे उत्तर मिनिटांसकट आले.

हे सोपे झाले ते आज. याच दख्खनच्या पठारावर विल्यम लॅम्बटन साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन वर्षानुवर्षे त्रिकोण मोजत फिरला आणि १८२३ मध्ये काम अर्धे असतानाच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या माणसांनी डोंगरमाथ्यांवर निशाणे रोवून, तापात फणफणत जी अंतरे काढली, ती आता पुतण्याच्या अंगठ्याखाली येतात.

मोबाईल बाजूला ठेवून मी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली उतरवला आणि नांदेड-कोल्हापूरवर लाकडी पट्टी ठेवली. मग जे दिसले त्याने मी चकित झालो. पट्टीची कड लातूरच्या विमानतळाला जवळजवळ घासून जाते. पुढे तुळजापूर, रेघेपासून दहा-बारा किलोमीटरवर. त्यापुढे पंढरपूर, तेही तेवढ्याच अंतरावर. एका टोकाला सचखंड गुरुद्वारा, दुसऱ्या टोकाला अंबाबाई, मध्ये भवानी आणि विठोबा. कुणी ठरवून आखली असती तरी रेघ इतकी चोख आली नसती. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची आखणी करणाऱ्यांनी थोडीफार हीच दिशा धरली आहे. ८०२ किलोमीटरच्या मूळ आराखड्यात माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवस्थाने जोडायची होती आणि वाटेत आमचा बीड जिल्हाही होता. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी तो रस्ता अडवून धरला, कारण रेघ ओढणाऱ्याला जमीन दिसत नाही. ती ज्याची जाते त्यालाच दिसते. विमानाच्या रेघेला तेवढे एक सुख आहे. खाली कुणाचा सातबारा लागत नाही.

आता धारूर. पट्टीपासून आमचे गाव ५०-५५ किलोमीटर वायव्येला राहते. बालाघाटाच्या कडेवर, सीताफळांच्या डोंगरात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. दिवाळीच्या आधी घाटात पाट्या मांडून बसलेल्या बायकांना ते ठाऊक असतेच असे नाही. इथला किल्ला १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने निजामशाहीच्या तोंडावर उभा केला. दोन वर्षांत तो निजामशहाने घेतला आणि १६३१ मध्ये, दख्खनभर दुष्काळ असताना, मोगलांच्या आजमखानाने. मग नाव पडले फतेहाबाद. त्या काळी विजापूर, अहमदनगर, दौलताबाद यांच्या फौजा मजल-दरमजल करत निघत तेव्हा धारूर वाटेवर लागायचे. आज धारूरहून कुठेही विमानाने जायचे तर आधी धारूर सोडून बरेच लांब जावे लागते.

किती लांब? नानांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. सरळ रेघेत लातूरचा विमानतळ धारूरपासून ५८ किलोमीटर. नांदेडचा १३२. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा १३८. आकडे वाचून वाटते, वा, तीन बाजूंनी तीन विमानतळ, आणि धाराशिवची धावपट्टी वेगळीच! पण आपण कावळे नाही. अंबाजोगाईवरून लातूरला रस्त्याने शंभरच्या आसपास होतात. परळी-गंगाखेडकडून नांदेड साधारण पावणेदोनशे. संभाजीनगर एकशे ऐंशीच्या पुढेमागे. शिवाय सर्वांत जवळच्या लातूरला धावपट्टी १९९१ पासून आहे. मध्ये एका खासगी कंपनीची प्रवासी विमाने आली आणि थोड्याच काळात थांबलीही. लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ राज्याने २००९ मध्ये एकाच खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिले होते. आमच्या भागातल्या बहुतेकांनी जवळून पाहिलेले उडते यंत्र म्हणजे निवडणुकीतले हेलिकॉप्टर. शाळेच्या मैदानावर चुन्याने गोल आखतात, अग्निशमनाची गाडी उभी राहते आणि पोरे धुळीत डोळे मिटून उभी असतात.

अंतर मोजायचे आमचे खरे माप आहे एसटीचा टप्पा. सहा किलोमीटरचा एक टप्पा. तिकीट किलोमीटरवर नाही, टप्प्यावर. गाव टप्प्याच्या अलीकडे की पलीकडे, यावरून वाहकाशी घातलेले वाद मी लहानपणापासून ऐकत आलोय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच मोफत. तेव्हापासून आमच्या काकू माहेरी वारंवार जातात आणि नाना म्हणतात, ‘‘माहेर जवळ आलं तिचं.’’ भाडे निम्मे झाले की अंतरही निम्मे होते, हे नानांना कुणी शिकवले नाही.

सरकारलाही ते कळत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली, आणि तिचा पायाही टप्पाच होता. साधारण पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर अडीच हजारांची कमाल मर्यादा. तोटा होईल तो तीन वर्षे सरकार भरून देणार. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्यात पहिल्या उड्डाणाला हिरवा झेंडा दाखवला. हवाई चप्पल घालणाऱ्यानेही विमानात बसावे, हे त्या योजनेचे घोषवाक्य झाले. त्याच कार्यक्रमात दूरचित्र जोडणीवरून आणखी दोन विमाने सोडली गेली. एक कडप्याहून हैदराबादला आणि दुसरे नांदेडहून हैदराबादला. म्हणजे देशातल्या स्वस्त विमानांच्या पहिल्याच दिवशी मराठवाडा होता. नांदेडचा विमानतळ त्यासाठी तयारच होता. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. त्याच वर्षीच्या गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांच्या सोहळ्यासाठी २००८ मध्ये हा विमानतळ नव्याने बांधला गेला होता.

त्या विमानाने मी एकदा गेलो आहे. आईचा डोळा हैदराबादला दाखवायचा होता. तिला बसचे धक्के सोसत नसत, म्हणून हा खर्च. पहाटे साडेतीनला भाड्याच्या जीपने धारूर सोडले. गंगाखेडच्या अलीकडे चाक पंक्चर. ड्रायव्हर जॅक शोधत होता आणि आई अंधारात रस्त्याच्या कडेला बसून जप करत होती. मी घड्याळ बघत होतो. नांदेड-हैदराबाद सरळ रेघेत जेमतेम २४५ किलोमीटर, आणि त्यासाठी आम्ही पावणेदोनशे रस्त्यावर घालवत होतो! पोचलो कसेबसे. बहात्तर आसनांचे एटीआर. पंख वर, खिडक्यांच्या डोक्यावर, त्यामुळे खालचे सारे दिसत होते. उठल्या उठल्या गोदावरी दिसली, पुलांसकट. आईने खिडकीला नाक लावले ते उतरेपर्यंत काढले नाही. शमशाबादला उतरून शहरात पोचायला दीड तास गेला. घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत मी हिशोब केला तो नऊ तासांच्या वर गेला. लातूर-जहिराबादवरून तीच जीप सरळ नेली असती तर आठ तास.

पण आईला तसे विचारू नका. ती अजून सांगते, ‘‘ढगाच्या वरून गेलो. खाली सगळे रान कातरल्यासारखे दिसत होते. आपलं गाव काही दिसलं नाही.’’ ते दिसणार नव्हतेच, विमान दुसऱ्याच दिशेला चालले होते. मी सांगितले नाही.

ते विमान सोडणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये बंद झाली. पुढे दुसऱ्या आल्या. ‘उडान’च्या अनेक मार्गांची हीच गत: अनुदानाची तीन वर्षे संपली की विमान पातळ होत जाते.

नांदेडला विमानाचा खरा उपयोग दुसऱ्याच दिशेने झाला. डिसेंबर २०१७ मध्ये अमृतसरचे विमान सुरू झाले. सुमारे १,४१० किलोमीटर, सव्वादोन तासांची उडी. आगगाडीने हीच वाट मनमाड, भोपाळ, दिल्ली करत दोन हजारांच्या वर जाते. सचखंड एक्स्प्रेसमध्ये दीड दिवस काढावा लागतो, आणि वाटेत स्टेशनवर मिळणारा लंगर त्या प्रवासाचा भाग मानतात. १० मार्च २०२४ रोजी पंजाबातल्या आदमपूरच्या आणि आमच्या कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन एकाच कार्यक्रमात झाले. त्या महिन्याच्या अखेरीस बंगळुरू-नांदेड-हिंडन-आदमपूर विमान सुटू लागले. आमच्या आळीतला एक जवान पंजाबात असतो. मी त्याला म्हटले, आता काय, उडत ये. तो म्हणाला, ‘‘काका, सचखंडने परभणीला उतरतो. तिथून धारूर शंभरावर. नांदेडला उतरलो तर पावणेदोनशे. आणि परभणीला रात्री उतरलं तरी स्टेशनवर झोपता येतं.’’ मोबाईलच्या हिशोबात स्टेशनवर झोपण्याला रकाना नाही.

कोल्हापूरचा विमानतळ या सगळ्यांत वडीलधारा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, ५ जानेवारी १९३९ ला सुरू झालेला. त्या साली धारूर निजामाच्या मुलखात होते. पुढे कोल्हापूर-सांगलीकडे नद्यांचे पाणी, उसाचे मळे आणि सहकारी कारखाने उभे राहिले, आणि आमच्या कोरड्या बालाघाटाने त्यांना तोडायला माणसे पुरवली. या दोन मुलखांना जोडणारी वाट कुणी ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणून आखली नाही. मुकादमाच्या उचलीने ती पडली. केज, कळंब, बार्शी, मग टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज. नानांना प्रत्येक गावात पाणी कुठे मिळते ते पाठ आहे. ट्रॅक्टर भरलेला, वेग ताशी पंचवीस-तीस. दिवसा ऊन आणि पोलीस, म्हणून रात्री चालायचे. ‘‘पहिली रात्र बार्शीच्या पुढं. दिवसभर लिंबाखाली भाकरी, झोप. दुसऱ्या रात्री मिरजेच्या अलीकडं गारठा लागायचा, मग कळायचं, ऊस आला.’’

मग मी त्यांच्यासाठी विमानाचा हिशोब मांडला. नांदेडहून कोल्हापूरला थेट विमान आहे असे धरून. धारूर ते नांदेड साडेचार तास. विमानाआधी दीड तास हजर. हवेत एक तास. उतरून सामान घेईपर्यंत अर्धा. उजळाईवाडीहून शिरोळ सव्वा तास. एकूण पावणेनऊ. धारूरहून जीप थेट शिरोळला आठ तासांत जाते. आणि यातला गमतीचा भाग असा: कोल्हापूर आमच्या नैर्ऋत्येला, नांदेड ईशान्येला. म्हणजे पाठ करून साडेचार तास उलटे जायचे, विमानात बसायचे, आणि सुटल्यावर जेमतेम वीस मिनिटांत ते विमान पुन्हा धारूरच्या समोर येणार, पन्नासेक किलोमीटरवरून पुढे निघून जाणार. साडेचार तास वीस मिनिटांत परत.

नानांनी सगळे शांतपणे ऐकले. म्हणाले, ‘‘अन् शेळी?’’

मला उत्तर देता आले नाही. विमानात माणशी पंधरा किलो सामान. नानांच्या बिऱ्हाडाला पाच महिन्यांची ज्वारी लागायची.

विमान वाईट, असे मला म्हणायचे नाही. पुतण्या पुण्यात शिकतो. उद्या त्याला बंगळुरूला नोकरी लागली तर तो नांदेडवरूनच जाईल-येईल, आणि जावे. माझे म्हणणे एवढेच की, दोन विमानतळांमधला तास हा प्रवासाचा सर्वांत छोटा आणि सर्वांत सुधारलेला तुकडा आहे. सगळी योजना, सगळे झेंडे, सगळे अनुदान त्याच तुकड्यावर खर्च होते. अलीकडचे साडेचार तास कुणाच्याच खात्यात येत नाहीत.

जमिनीवरची गत आठवायची तर अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग घ्या. मंजुरी १९९५ ची. बीडहून अहिल्यानगरची पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षे! बीडच्या स्टेशनवर लोकांनी रुळांना हार घातले, पेढे वाटले. बीड ते परळी अजून बाकी असतानाच, त्याच वर्षी, बीडजवळ विमानतळ करण्याची बोलणीही सुरू झाली. होऊ दे. बीड आम्हाला नांदेडपेक्षा कितीतरी जवळ.

एक योगायोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. विमानांचे वर्ष दोन हंगामांचे असते. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपते. आमच्या तालुक्याचे वर्षही साधारण असेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटतात, मार्चच्या आसपास गाळप संपून पट्टा पडतो आणि माणसे परततात. एकाच सुमारास वरचे वेळापत्रक बदलते आणि खालच्या गाड्या भरतात. दोघांची गाठ कुठेच पडत नाही.

बीडच्या विमानतळाची जागा जे ठरवणार आहेत त्यांना एक विनंती. धावपट्टी किती मीटरची आणि मुंबई किती मिनिटांवर, हे तुम्ही छापालच. त्याच पानावर आणखी एक तक्ता छापा: धारूर, वडवणी, केज, माजलगाव, पाटोदा, शिरूर कासार, प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवरून पहिली एसटी पहाटे किती वाजता, ती विमानतळाच्या दारापर्यंत जाते का, आणि शेवटचे विमान उतरल्यावर परतीची गाडी आहे का. नानांचा प्रश्न तेवढाच आहे, आणि त्याला टप्प्याटप्प्याने, सहा-सहा किलोमीटरमध्ये उत्तर देता येते.